फॉरमॅट मारण्याआधी : दोन-चार जीबीचा जुना डेस्कटॉप रखडतो तेव्हा

"कॉम्प्युटर हँग होतोय, जरा फॉरमॅट मारून द्या." रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत मी गेली बारा-तेरा वर्षं मशीनं दुरुस्त करतोय, आणि हे वाक्य ऐकलं नाही असा आठवडा गेलेला आठवत नाही. डीटीपीवाले (छपाईचा मजकूर मांडणारे), झेरॉक्सवाले, दूध सोसायटी, शाळेचं ऑफिस, निवृत्त गुरुजी. मशीन साधारण एकाच पिढीचं: प्रोसेसर कोअर टू ड्युओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, दोन किंवा चार जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं, की पंधरा दिवस मशीन पळतं. मग एकेक सॉफ्टवेअर परत येतं, ब्राउजरमध्ये टॅब वाढतात, आणि दिवाळीपर्यंत तेच मशीन तीच तक्रार घेऊन परत माझ्या टेबलावर. मीही सुरुवातीला निमूट फॉरमॅट मारून पैसे घ्यायचो. आता आधी तपासतो.

लक्षणं

कॅबिनेटच्या तोंडावर दोन दिवे असतात. एक पॉवरचा, तो कायम पेटलेला. दुसरा छोटा, बहुतेक वेळा लाल, तो हार्ड डिस्कचा. त्याच्याकडे कोणी बघत नाही, पण माझं निम्मं निदान त्याच्यावरच होतं. लुकलुकतोय म्हणजे डिस्क काम करतेय. सलग पेटलेला आहे म्हणजे डिस्कला श्वास घ्यायला फुरसत नाही. मशीन रखडलं की आधी त्या दिव्याकडे बघा, आणि खालीलपैकी तुमची तक्रार कोणती ते ठरवा.

मशीन चालू केल्यावर डेस्कटॉप दिसतो, माउसचा बाण फिरतो, पण कशावरही क्लिक केलं तरी पाच-सात मिनिटं काही हलत नाही, दिवा सलग. ही स्टार्टअपची (मशीनसोबत आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची) गर्दी, किंवा डिस्कच संथ.

सकाळी ठीक असतं, पण कोरल (पत्रिका-पोस्टर मांडायचं सॉफ्टवेअर) उघडून वर ब्राउजरमध्ये चार-पाच टॅब टाकले की अडकतं. खाली ठेवलेली खिडकी परत वर आणली की आधी पांढरीफटक दिसते, मग तुकड्यातुकड्यांनी भरते. दिवा सलग. ही रॅमची टंचाई, आणि सगळ्यात जास्त सापडणारी.

वीस-पंचवीस मिनिटं चांगलं चालतं, मग सुस्तावतं. पंखा घोंघावतो, दिवा मात्र शांत. हे तापणं. मशीन चालू केल्याच्या पहिल्या मिनिटापासूनच पंखा ओरडत असेल, तर एखादा प्रोग्राम प्रोसेसर खातोय किंवा पंख्याखाली धुळीची गादी बसलीय.

मधूनच अर्धा-एक मिनिट सगळं गोठतं, दिवा सलग, आणि मग काही झालंच नाही असं चालू लागतं. कान लावला तर कधीकधी आतून टक्... टक्... असा आवाज. ही डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. असं असेल तर खालचं काहीही करू नका. टकटक ऐकू येत असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल, तर मशीन बंदच ठेवा आणि थेट शेवटचा भाग वाचा. नुसतंच गोठत असेल, तर आधी फोटो, टॅलीचा डेटा, पत्रिकांच्या फायली, जे काही मोलाचं आहे ते पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. स्कॅन नाही, डिफ्रॅग नाही, फॉरमॅट तर नाहीच.

आणि फक्त वेबसाइटच हळू उघडत असतील, वर्ड-एक्सेल मात्र झटपट चालत असेल, तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. फरक पडला तर दोष नेटचा आहे, मशीनला हात लावू नका.

मशीन अडकतं म्हणजे नेमकं काय होतं

एवढं समजलं की पुढच्या तपासण्या का करतोय हे सांगावं लागत नाही. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, हार्ड डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा संपली की विंडोज त्यातले न लागणारे डबे माळ्यावर ठेवतं, आणि लागले की परत खाली काढतं. माळ्यावरच्या या जागेला पेज फाइल म्हणतात. व्यवस्था चांगली आहे, पण माळा फार उंच आहे.

किती उंच, ते बघा. ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, आणि डोकं त्या जागी सरकायला वरून आणखी ८-९ मिलिसेकंद. असे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतील, तर सेकंदाला शंभराच्या आतच तुकडे हाती येतात. पेज फाइलमधला एक तुकडा ४ केबीचा. हिशेब करा: मोठी फाइल कॉपी करताना सेकंदाला ८०-१०० एमबी देणारी तीच डिस्क अशा वेळी, अगदी वाईट स्थितीत, अर्धा एमबीसुद्धा देत नाही. शंभर एमबी परत खाली आणायचे म्हणजे पाचेक मिनिटं गेली. रॅममधून असा एक तुकडा नॅनोसेकंदांत हाती येतो.

म्हणून फॉरमॅट मारल्यावर मशीन पळतं. विंडोज नवं झालं म्हणून नव्हे, तर ओटा रिकामा झाला म्हणून. तो फॉरमॅट न मारताही रिकामा करता येतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिली गोष्ट, रीस्टार्ट. हसू नका. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' केलं तरी बहुतेक मशीनवर ते पूर्ण बंद होत नाही. फास्ट स्टार्टअप नावाच्या सोयीमुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रोज संध्याकाळी मशीन बंद करणारा माणूस शपथेवर सांगतो की मशीन रोज नवं चालू होतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' निघतो वीस-बावीस दिवस. 'रीस्टार्ट' केलं तरच गाभा नव्याने उभा राहतो. फिरत्या डिस्कवर फास्ट स्टार्टअपमुळे चालू व्हायचा वेळ वाचतो, म्हणून मी ते बंद करत नाही. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट, बस.

दुसरी गोष्ट, टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. मशीन चालू करून दहा मिनिटं झाल्यावर, काहीही न उघडता, सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे कागदावर लिहा. मग रोजचं काम उघडा आणि परत लिहा. कागदावरच लिहा, कारण पुढे काही बदल केल्यावर 'जरा बरं वाटतंय' हे पुरावा म्हणून चालत नाही.

नुसतं बसलेलं असताना मेमरी ७० टक्क्यांच्या वर असेल, तर ओटा आधीच भरलाय. मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र १०० टक्के असेल, तर रॅम वाढवून पैसे वाया जातील, दोष डिस्ककडे किंवा तिला छळणाऱ्या प्रोग्रामकडे आहे. विंडोज ७ च्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना नसतो. तिथे 'परफॉर्मन्स' टॅबमध्ये 'रिसोर्स मॉनिटर'चं बटण आहे ते दाबा, आणि त्यातल्या 'मेमरी' टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'चा आलेख बघा. मशीन अडकलेलं असतानाच तो आलेख छताला टेकलेला असेल, तर माळ्यावर चढ-उतार चालू आहे, दुसरं कारण शोधू नका. प्रोग्राम पहिल्यांदा उघडताना तो थोडा वेळ वर जातोच, त्याने घाबरायचं नाही.

तिसरी, स्टार्टअप. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरलाच 'स्टार्टअप' टॅब आहे. विंडोज ७ मध्ये स्टार्टच्या शोधपट्टीत एम-एस-कॉन्फिग (msconfig) लिहावं लागतं. तिथे प्रिंटरचा शाई मोजणारा, फोन जोडणारा, मीटिंगचा, दोन-तीन अपडेटर, कधीकाळी घेतलेलं गेम स्टोअर अशी वऱ्हाडी मंडळी असते. ती बंद केली म्हणजे काढून टाकली असं नाही, लागेल तेव्हा हाताने उघडता येतात. राहू द्या फक्त अँटिव्हायरस, साउंड-ग्राफिक्सचे ड्रायव्हर आणि मराठी टायपिंगचं जे काही असेल ते. डीटीपीवाल्यांनी मराठी सॉफ्टवेअरच्या यूएसबी लॉकशी (परवान्यासाठी लावून ठेवायच्या किल्लीशी) संबंधित कशाला हात लावू नये. एकदा मी नाव न ओळखल्याने तो प्रोग्राम बंद केला, आणि लग्नसराईत एका दुकानाच्या पत्रिका अर्धा दिवस अडकल्या. त्यानंतर त्या मालकाने चहा विचारायचं बंद केलं.

याच वेळी एक बघा: अँटिव्हायरस किती आहेत? दोन असतील तर एक काढा. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, आणि दोघंही एकमेकांवर नजर ठेवतात. विंडोज १० मध्ये डिफेंडर आतच असतो, चार जीबीच्या मशीनला तो पुरतो.

मग सी ड्राइव्ह. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी हवी. पेज फाइल तिथेच असते, अपडेट तिथेच उलगडतात. डेस्कटॉपवर फायली ठेवल्या की मशीन स्लो होतं अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी. चिन्हांनी काही होत नाही, पण डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो, त्यामुळे लग्नाचं चाळीस जीबीचं शूटिंग तिथे ठेवलं की सी भरतो. ते डी ड्राइव्हवर हलवा. सी वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्क क्लीनअप, एवढं पुरे. विंडोज फोल्डरमध्ये शिरून हाताने काही उडवू नका.

ब्राउजर. खरा खादाड हाच. आजची एक साधी बातम्यांची साइट, जाहिराती आणि आपोआप वाजणाऱ्या व्हिडिओंसकट, दोन-तीनशे एमबी सहज खाते. दोन जीबीच्या मशीनवर असे चार टॅब म्हणजे ओटा भरला. ब्राउजर एकच ठेवा. एक्सटेन्शन जाहिराती अडवणारं एक सोडून सगळी काढा. क्रोममध्ये आणि एजमध्ये न लागणारे टॅब झोपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करा. क्रोममधली आणखी एक खूण फार कमी जणांना माहीत असते: ब्राउजर बंद केल्यावरही पाठीमागे चालू राहायची परवानगी. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. एका झेरॉक्सच्या दुकानात एवढ्या एकाच गोष्टीने स्कॅनर परत वेळेवर चालायला लागला.

फाँट. आपल्याकडच्या डीटीपी मशीनचा हा खास आजार आहे. श्रीलिपी, कृतिदेव, कुठल्या तरी सीडीवरून आलेले सुलेखनाचे संच, शिवाय दर गणपतीला मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेले नवे. फाँट फोल्डर उघडलं की हजार-दीड हजार फाँट. कोरल उघडताना ती सगळी यादी वाचतं, वर्डमध्ये फाँटची खिडकी खाली ओढली की मशीन विचारात पडतं. रोज वापरता ते शंभर-दीडशे ठेवा, बाकीचे डी ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये कॉपी करून मगच फाँट फोल्डरमधून काढा. जुनी फाइल आली आणि फाँट लागला, तर तेवढा परत टाकायला अर्धं मिनिट लागतं. मंगल, निर्मला, एरियल, ताहोमा, सेगो यांना हात लावू नका, ते विंडोजचे स्वतःचे आहेत. एका दुकानात मी संध्याकाळभर बसून असे अकराशे फाँट बाजूला केले. कोरल उघडायला पावणेदोन मिनिटं लागायची, ती वीस सेकंदांवर आली, आणि खर्च काहीच नाही.

दिखाव्याच्या सावल्या, सरकत्या खिडक्या बंद केल्याने थोडा फरक पडतो, फार नाही. करायचंच असेल तर 'अक्षरांच्या कडा गुळगुळीत करा' अशा अर्थाची खूण मात्र ठेवा. ती काढली की देवनागरीतले अनुस्वार आणि रफार नीट वाचता येत नाहीत.

काय करू नका

रॅम मोकळी करणारे 'बूस्टर' घेऊ नका, असतील तर काढा. ते काय करतात? ओट्यावरचं सगळं जबरदस्तीने माळ्यावर फेकतात आणि 'बघा, ६० टक्के रिकामी' असा हिरवा आकडा दाखवतात. पुढच्याच क्लिकला ते सगळं परत खाली आणावं लागतं, तेही त्याच रखडणाऱ्या डिस्कवरून. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणाऱ्यांचीही तीच गत, वेग वाढलेला मी पाहिलेला नाही, विंडोज मोडलेलं पाहिलंय. आणि कोणी 'पेज फाइल शून्य करा, मशीन पळेल' म्हणालं तर ऐकू नका. दोन-चार जीबीत पेज फाइल काढली की मशीन रखडत नाही, प्रोग्राम थेट बंद पडतो, न जतन केलेल्या कामासकट.

डिस्कची प्रकृती

स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी ही तपासणी करा, कारण हीसुद्धा फुकट आहे आणि पुढचा सगळा निर्णय हिच्यावर ठरतो. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम आहे. डिस्क स्वतःच्या आजारपणाची जी नोंद ठेवते ती तो दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध. रंगावर थांबू नका, तीन ओळी बघा. ०५ क्रमांकाची ओळ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा. सी-५ म्हणजे ज्या वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निकाल अजून लागायचाय अशा जागा. सी-५ शून्याच्या वर असेल, तर अशा एकेका जागेवर डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, म्हणूनच मशीन अर्धा मिनिट गोठतं. ही डिस्क बदलायची, दुरुस्त करायची नाही.

तिसरी ओळ सी-७. हा आकडा वाढत असेल आणि बाकीचे दोन शून्य असतील, तर आनंद माना. डिस्क चांगली आहे, डेटा वाटेत बिघडतोय. बहुतेक वेळा साटा केबल, म्हणजे डिस्क बोर्डला जोडणारी वायर. ती स्वस्तात मिळते, बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

कॅबिनेट उघडल्यावर

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

धूळ मऊ ब्रशने काढा. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग जातं. धुळीची खरी जागा पंख्यावर नसते, पंख्याच्या खाली असते. तिथे ॲल्युमिनियमच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसलेला असतो, तो वरून दिसत नाही. पंखा सोडवून बघावं लागतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, वीस मिनिटांनी सुस्तावणाऱ्या मशीनचं रहस्य बहुधा एवढंच. पंख्यासोबत खालचा धातूचा ठोकळाही उचलला गेला, तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात नेणारा लेप) पुसून नवी लावल्याशिवाय परत बसवू नका. वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरते. आमच्याकडे कॅबिनेटमध्ये आणखी एक पाहुणी असते. पालीची अंडी मी आजवर तीनदा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) शेजारी पाहिलीत. मागच्या बाजूच्या न लागणाऱ्या फटी बंद करा.

रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासा, कीस झटका, आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या कट् वाजेपर्यंत परत बसवा. कोकणातल्या पावसाळ्याचे चार महिने त्या कडांवर अदृश्य थर चढतो, आणि दोनपैकी एक पट्टी मशीनला दिसेनाशी होते. मालकाला वाटत असतं चार जीबी आहे, मशीन चालतंय दोनवर. म्हणून मशीन चालू झाल्यावर 'माय कॉम्प्युटर'च्या प्रॉपर्टीजमध्ये किती रॅम दिसते ते वाचा. चार बसवून सव्वातीनच्या आसपास वापरता येते असं दिसलं, तर तो बिघाड नाही. ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीचे पत्ते लिहिता येतात, आणि त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर भागांना द्यावे लागतात. तेवढ्यासाठी ६४ बिट टाकायचा खटाटोप मी करत नाही. ६४ बिटचं विंडोज स्वतःच जास्त जागा खातं, मिळवलेलं तिथेच जातं. आठ जीबी करणार असाल तर मात्र ६४ बिट लागेलच.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर-२०३२, तोही बदला. तो संपला की रोज तारीख मागे जाते, आणि चुकीच्या तारखेमुळे ब्राउजर सुरक्षित साइट उघडत नाही. लोक त्यालाही 'स्लो' म्हणतात.

पैसे कुठे घालायचे

इथपर्यंत सगळं करून कागदावरचे आकडे सुधारले नाहीत, तरच खिशात हात घाला. माझा नियम साधा आहे. दोन जीबी असेल तर आधी रॅम. चार असेल आणि डिस्क फिरती असेल तर आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवरची डिस्क. दोन जीबीच्या मशीनला नुसती एसएसडी लावली तर माळा खाली येतो, पण ओटा तेवढाच राहतो, आणि दिवसभराच्या चढ-उतारात एसएसडी झिजत राहते.

रॅम घेताना आधी बोर्ड ओळखा. जी-३१ चिपसेटच्या (बोर्डवरच्या मुख्य चिपच्या) बोर्डावर डीडीआर-टू पिढीची रॅम लागते आणि चार जीबीच्या पुढे जाता येत नाही. एच-६१ वर डीडीआर-थ्री, सोळापर्यंत. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एकीची दुसरीत बसत नाही, जोर लावू नका. स्वस्तात मिळणाऱ्या काही पट्ट्या फक्त एएमडी कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर चालतात. त्या इंटेलच्या बोर्डवर लावल्या की मशीन नुसतं बीप मारतं किंवा पडदाच येत नाही. दुकानदाराला बोर्डचं नाव सांगा आणि 'चालली नाही तर परत घेणार' हे आधी कबूल करून घ्या. शक्य असेल तर कॅबिनेटच दुकानात घेऊन जा.

एसएसडीने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. डोकं सरकवायचं नाही, फेरीची वाट बघायची नाही, तुकडा ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास हाती येतो. जुन्या बोर्डवर साटा-टू (डिस्कची जुनी, कमी वेगाची जोडणी) असलं तरी काळजी नको. मोठ्या फायलींचा वेग तिथे थोडा अडेल, पण आपलं दुखणं छोट्या तुकड्यांचं आहे. २४० किंवा २५६ जीबी पुरते, विंडोज आणि सॉफ्टवेअर तिच्यावर, आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर डेटासाठी तीच ठेवा. बसवायला पत्र्याची जाळी नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप चालते, आत काही फिरत नाही. विंडोज नव्याने टाकणार असाल तर आधी बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआयवर करा. चालू विंडोज असताना तो बदलला तर बहुधा निळा पडदा येतो, तेव्हा जुना मोड परत लावा. जी-३१ वर हा पर्याय बहुतेक दिसतच नाही, तरीही एसएसडी चालते.

रॅम, एसएसडी आणि मजुरी मिळून चौथ्या पिढीच्या नूतनीकृत आय-फाइव्हच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर मी गिऱ्हाइकाला तेच मशीन घ्यायला सांगतो. यात माझी मजुरी बुडते, पण शिव्या वाचतात.

विंडोज की दुसरं काही

विंडोज ७ चा कंपनीचा नेहमीचा आधार (अपडेट आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. क्रोमने विंडोज ७ साठी १०९ नंतर नवी आवृत्ती दिलेली नाही. विंडोज ११ या मशीनांना सरळ मार्गाने घेत नाही, आडमार्गाने टाकलं तरी चार जीबीत त्याचे हाल बघवत नाहीत. मग डीटीपीचं मशीन, ज्यात जुनं पेजमेकर आणि लॉकवालं मराठी सॉफ्टवेअर आहे, ते विंडोज ७ वरच राहू द्या आणि त्याची नेटची वायर काढून टाका. पेन ड्राइव्हमुळे अँटिव्हायरस मात्र लागेल.

ज्याला फक्त बातम्या, मेल, यूट्यूब आणि पत्रं लिहायची आहेत, त्याला विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली: लिनक्स मिंटचं एक्सएफसीई किंवा लुबुंटू. पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून बघता येतं. तेव्हा वेग बघू नका, पेन ड्राइव्ह संथच असतो. प्रिंटर, स्कॅनर आणि मराठी इनस्क्रिप्ट टायपिंग चालतंय का तेवढं बघा. बसवल्यावर झेड-रॅम चालू करा. ती ओट्यावरचे डबे माळ्यावर न नेता तिथेच दाबून लहान करते, दोन जीबीच्या मशीनला याचा खरोखर उपयोग होतो. गुरुजींच्या मशीनवर मी मिंट टाकून दोन वर्षं झाली. अजून त्यांना ते 'नवीन विंडोज' वाटतं, मी दुरुस्त करायच्या फंदात पडलेलो नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन, अर्थिंग तपासायला. कॉम्प्युटरवाला नंतर.

एसएमपीएसमधून जळका वास, कटकट आवाज किंवा मशीन आपोआप बंद होणं: तो डबा घरी उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जबर करंट साठलेला असतो. पूर्ण डबाच बदलतात.

बोर्डवर प्रोसेसरजवळच्या छोट्या डब्यांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी ओघळ आलेला दिसला, तर रॅम-एसएसडीवर एक रुपयाही घालू नका. बोर्ड जाणार आहे.

डिस्क टकटकतेय आणि तिच्यावरच्या डेटाची दुसरी प्रत नाही, तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. मी असो वा दुसरा कोणी, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याचं हे काम नाही. डेटा परत काढणारे वेगळे असतात, महाग असतात, आणि त्याआधी कोणी किती वेळा 'एकदा चालू करून बघूया' केलं यावर त्यांचं यश ठरतं.

आणि मशीन कोणाकडेही दिलंत तरी कॅबिनेटवर चिकटपट्टीने कागद लावून पाठवा: लक्षण कोणतं, दिवा सलग की शांत, टास्क मॅनेजरचे तीन आकडे, सी-५ चा आकडा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नये'. यूएसबी लॉक मात्र काढून घरीच ठेवा.